रोगाची काचपट्टी आणि शिकणारे यंत्र

हमाल-मापाड्यांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने रोगनिदानाच्या शास्त्रावर बोलावे, ह्याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. आम्हांलाही वाटले. आमची शाळा आठवीत सुटली; पुढचे जे काही शिक्षण झाले ते मोंढ्यातल्या ओट्यावर आणि वाचनालयाच्या बाकावर. पण ह्या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. एका पोत्याचा हिशेब चुकावा तशी एका माणसाची गोष्ट चुकली, आणि ती का चुकली हे शोधता शोधता आम्ही येथवर आलो.

आमच्या संघटनेत एक मापाडी होते. वय पन्नाशीचे, तंबाखू-चुन्याची गोळी दिवसभर गालात. गालाच्या आतल्या अंगाला पांढरा चट्टा उठला. तालुक्याच्या डॉक्टरांनी शहरात धाडले, तेथे चट्ट्याचा तुकडा काढला आणि तो तपासणीस गेला. एकोणीस दिवसांनी कागद आला : कर्करोगाची चिन्हे आढळली नाहीत. घरी पेढे वाटले. पाच महिन्यांनी त्यांचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. पुन्हा तुकडा, पुन्हा कागद; ह्या खेपेस कर्करोग, आणि तोही जबड्यापर्यंत गेलेला. त्यांच्या मुलाने पहिली काचपट्टी मागून घेतली आणि मुंबईस नेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखविली. पट्टीच्या एका कोपऱ्यात, मोहरीपेक्षाही लहान जागेत, रोग त्या पहिल्या दिवशीही होताच.

पहिल्या डॉक्टरांना आम्ही जाऊन भेटलो. भांडायलाच गेलो होतो. ते शांतपणे म्हणाले, "त्या दिवशी माझ्यापुढे शंभरावर पट्ट्या होत्या, आणि मी एकटा होतो." आता एका पाठीवर शंभर पोती लादणाऱ्यांशी आम्ही तीस वर्षे भांडलो, ज्याच्या पाठीवर ती लादली त्याच्याशी काय भांडणार? आम्ही चहा घेऊन परत आलो. परंतु तेव्हापासून काचपट्टी, सूक्ष्मदर्शक आणि ह्या कामात नव्याने शिरलेले शिकणारे यंत्र ह्यांविषयी मिळेल ते वाचीत, समजेल ते विचारीत आलो आहो.

प्रथम तुकड्याचा प्रवास पाहू. मोंढ्यात पोते उतरले की अडत्याचा माणूस त्यात लोखंडी परखी खुपसतो आणि मूठभर दाणे बाहेर काढतो. त्या मुठीवरून अख्ख्या पोत्याचा भाव ठरतो. डॉक्टर गाठीतून किंवा चट्ट्यातून जो तुकडा काढतात तीही परखीच होय. त्यांच्या भाषेत तिला बायॉप्सी म्हणतात. परखी पोत्याच्या ज्या अंगाला शिरली त्या अंगाचेच सांगते. माती तळाशी असली आणि परखी वरच राहिली, तर मूठ स्वच्छ निघते. हा दोष पुढच्या कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही, एवढे आधीच ध्यानात ठेवावे.

तुकडा काढल्याबरोबर फॉर्मॅलिनच्या पाण्यात बुडवावा लागतो, आणि ते पाणी तुकड्याच्या निदान दसपट हवे. घाईत कोणी तो मिठाच्या पाण्याच्या बाटलीत घालून दिला, तर मंठ्याहून एस. टी.ने, चैत्र-वैशाखाच्या उन्हात, शहरात पोचेपर्यंत पेशी सडू लागतात. मग पुढे कितीही मोठा तज्ज्ञ बसलेला असो, त्याच्या हाती नासका माल येतो. तुकडा नीट पोचला, तर त्यातले पाणी काढून तेथे मेण भरतात आणि त्याची वडी करतात. ह्या वडीचे पापुद्रे काढणारे एक धारदार यंत्र असते. पापुद्रा तीन ते पाच मायक्रॉन जाडीचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस पापुद्रे बसतील. पापुद्रा कोमट पाण्यावर तरंगवितात आणि खालून काचपट्टी घालून अलगद झेलतात. नंतर त्यास दोन रंग देतात. एक हिमॅटॉक्सिलिन, मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यापासून निघणारा. तो पेशींची केंद्रके निळी-जांभळी करतो. दुसरा इओसिन, तो बाकीचा भाग गुलाबी करतो. हे सगळे काम तंत्रज्ञ करतात. त्यांचा हात बिघडला तर पापुद्र्यास सुरकुती पडते, रंग फिका होतो किंवा गडद होतो. अहवालावर मात्र त्यांचे नाव नसते. हे आम्ही मुद्दाम नोंदवितो, कारण यंत्राची वाहवा करताना ह्या हातांचा उल्लेख कोणी करीत नाही.

रंगलेली पट्टी डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली जाते. केंद्रके वाजवीपेक्षा मोठी, वेडीवाकडी, गडद झाली आहेत काय. पेशी भराभर दुभंगत आहेत काय. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेशींनी आपली हद्द सोडली आहे काय, हे ते पाहतात. आपल्या कातडीच्या आणि गालाच्या पेशींखाली एक पातळ पडदा असतो. शेतकऱ्यांना सांगायचे तर तो बांध. पेशी बिघडल्या पण बांधाच्या आत राहिल्या, तर उपाय सोपा असतो. बांध कोरून पलीकडे गेल्या, की त्यास कर्करोग म्हणतात. ही नजर पुस्तकाने येत नाही, हजारो पट्ट्या पाहून येते. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथे ह्या शास्त्राचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी १९४४ साली मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. म्हणजे आमच्या मापाड्यांचा रोग हा काही नवा शोध नव्हे. आपल्याकडे तो ऐंशी वर्षांपूर्वीच मोजला गेला होता.

आता यंत्राकडे वळू. पहिली पायरी अशी, की पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरण्याऐवजी तिचे संपूर्ण छायाचित्र घ्यायचे. हे छायाचित्र साधे नव्हे. पाव मायक्रॉनास एक ठिपका ह्या हिशेबाने दीड सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद पापुद्र्याचे ३६० कोटी ठिपके होतात. एवढे चित्र संगणकही एका घासात गिळू शकत नाही. म्हणून त्याचे लहान लहान चौकोन पाडतात. एका बाजूस २५६ ठिपके असा चौकोन धरला, तर एका पट्टीचे पंचावन्न हजारांच्या आसपास चौकोन होतात. माणसाचा डोळा पट्टीवरून सरकतो, कोठे थांबतो, कोठे थांबत नाही. यंत्र मात्र पंचावन्न हजारांपैकी प्रत्येक चौकोनापुढे सारखेच थांबते. पहिल्यापुढे जितके, तितकेच शेवटच्यापुढे. त्यास भूक लागत नाही, आणि पाच वाजताची बसही गाठायची नसते.

पण त्यास शिकविते कोण? मापाड्याच्या हाताखाली नवा पोरगा ठेवला की तो काही नियमांची वही पाठ करीत नाही. म्हातारा मूठभर सोयाबीन त्याच्या तळहातावर देतो आणि विचारतो, ओले की वाळलेले? पोरगा चुकतो, म्हातारा सांगतो, पोरगा पुढच्या खेपेस थोडा सुधारतो. दोन हंगामांनी त्याच्या हातास आपोआप कळू लागते. कसे कळते ते त्यालाही सांगता येत नाही. यंत्राचे शिकणे जवळजवळ असेच आहे. तज्ज्ञ डॉक्टर पट्ट्यांच्या चित्रांवर रोगाची जागा आखून देतात. यंत्र प्रत्येक चौकोनास संशयाचा एक आकडा देते. आखलेल्या खऱ्या उत्तराशी तो ताडून पाहिला जातो. यंत्राच्या पोटात लाखो बारीक वजने आहेत असे समजा. उत्तर चुकले की ज्या वजनांनी चुकविले ती किंचित हलवायची, आणि पुन्हा पुढचा चौकोन. असे कोट्यवधी वेळा. शेवटी ज्या पट्ट्या त्याने कधीच पाहिल्या नाहीत त्या पुढे ठेवून परीक्षा घ्यायची.

ह्या आखणीच्या कामावर क्षणभर थांबले पाहिजे. अमित सेठी हे पुढे मुंबईच्या आय. आय. टी.त प्राध्यापक झालेले संशोधक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २०१७ साली एक संग्रह प्रसिद्ध केला. सात अवयवांच्या पट्ट्यांची ३० चित्रे, आणि त्यांत एकेक करून हाताने आखलेली २१,६२३ केंद्रके. एकवीस हजार वेळा कोणीतरी पडद्यावर बोटभर जागेत रेघ फिरविली, तेव्हा यंत्रास केंद्रक म्हणजे काय ते कळू लागले. लोक म्हणतात यंत्र आपोआप शिकते. आपोआप काही होत नाही, हे ज्याने एकदा तरी पाठीवर पोते घेतले आहे त्यास सांगावे लागत नाही. आणखी एक गोष्ट अशी, की त्या संग्रहातल्या पट्ट्या अमेरिकेतल्या एका मोठ्या सार्वजनिक संग्रहातून घेतलेल्या होत्या. आपल्या बुद्धिमान तरुणांना आपल्या देशातल्या पट्ट्या तेव्हा सहज हाताशी नव्हत्या. ह्याचा परिणाम पुढे येईलच.

यंत्राने पेशी ओळखाव्यात ही कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात गर्भाशयमुखाच्या पेशी तपासणारे एक यंत्र बांधले होते. पेशींचे आकारमान आणि गडदपणा मोजून ते संशय घेई. पण पट्टीवर दोन-चार निरोगी पेशी एकमेकींवर पडल्या, की त्यासही ते रोगच समजे. खोट्या हाका इतक्या झाल्या, की डॉक्टरांचे काम कमी होण्याऐवजी वाढले, आणि ते यंत्र बाजूस ठेवावे लागले.

नव्या यंत्राची जी परीक्षा आम्हांस सर्वांत बोलकी वाटते ती हॉलंडमध्ये झाली. तिचा निकाल डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. स्तनाच्या कर्करोगात रोग काखेतल्या ग्रंथींत पसरला आहे की नाही हे पाहावे लागते. दोन डच रुग्णालयांतल्या २७० पट्ट्या यंत्रांना शिकण्यासाठी दिल्या. परीक्षेसाठी १२९ पट्ट्या निराळ्या ठेवल्या. त्यांपैकी ४९ मध्ये रोग होता, ८० मध्ये नव्हता. निरनिराळ्या गटांची ३२ यंत्रे उतरली. शेजारी ११ डॉक्टर बसविले आणि त्या सर्व पट्ट्या सुमारे दोन तासांत पाहावयास सांगितल्या.

गुण देण्याची रीत अशी : एक रोगी पट्टी आणि एक निरोगी पट्टी चिठ्ठी टाकून उचलली, तर रोगी पट्टीवर अधिक संशय घेण्याचा संभव किती? नुसता छापा-काटा केला तर हजारांत पाचशे वेळा उत्तर बरोबर येईल. सर्वोत्तम यंत्रास हजारांत ९९४ गुण मिळाले. अकरा डॉक्टरांची सरासरी ८१०. वर्तमानपत्रे येथेच थांबली, आणि यंत्राने डॉक्टरांस हरविले असे मथळे झळकले.

पण त्याच परीक्षेत आणखी एक डॉक्टर होते. त्यांना वेळेचे बंधन नव्हते. त्यांनी त्याच १२९ पट्ट्या सुमारे तीस तास घेऊन पाहिल्या, आणि त्यांचे गुण ९६६ आले. यंत्राच्या अगदी जवळ. मंडळी, हा आकडा आम्ही दोनदा वाचला. दोन तासांत १२९ म्हणजे एका पट्टीस एक मिनिटही नाही. अकरा जणांच्या नजरेतून निसटले ते मुख्यतः रोगाचे बारीक ठिपके. मोठी गाठ कोणाच्या सहसा सुटली नाही. मग हरले कोण, डोळा की घड्याळ? आमच्या मापाड्यांच्या पट्टीवरचा तो कोपरा आणि "मी एकटा होतो" हे वाक्य, दोन्हींचे उत्तर त्या तीस तासांत आहे. यंत्राची खरी किंमत आम्हांस येथे दिसते. तीस तास देणे कोणत्याही रुग्णालयास परवडणार नाही. पण यंत्र रात्रभर सर्व पट्ट्या चाळू शकते, संशयाच्या जागी तांबडा रंग भरू शकते, आणि सकाळी डॉक्टर आले की जिच्यावर संशय अधिक ती पट्टी गठ्ठ्याच्या तळाशी न राहता वर ठेवू शकते. डॉक्टरांनी 'रोग नाही' म्हणून बाजूस केलेल्या पट्ट्या पुन्हा एकदा चाळणे, हे तर त्याचे खासच काम.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२१ मध्ये पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या पट्ट्यांसाठी असे यंत्र प्रथम मान्य केले. मान्यतेपूर्वी १६ डॉक्टरांनी ५२७ पट्ट्यांची चित्रे यंत्राविना आणि यंत्रासह पाहिली. यंत्रासह पाहताना रोग सापडण्याचे प्रमाण सरासरी ७.३ टक्क्यांनी वाढले. मान्यता मदतनीस म्हणून आहे. निदान डॉक्टरांनीच करायचे. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच सही हवी असे सांगितले. तालुक्याच्या गावी दुसऱ्याच्या नावाच्या शिक्क्यावर अहवाल वाटणारे कमी नव्हते. यंत्राच्या नावावर तसेच वाटणारे उद्या निघणार नाहीत असे कोणी समजू नये.

यंत्र चुकते कोठे, हेही पाहू. पहिली गोष्ट रंगाची. एका प्रयोगशाळेत इओसिन गडद, दुसरीत फिके. माणसाचा डोळा हे सांभाळून घेतो, यंत्र फसते. ह्यावर रंग एकसारखे करून घेण्याची एक रीत २०१६ साली काही देशी-परदेशी संशोधकांनी सुचविली. त्यांत वर सांगितलेले सेठी होतेच. दुसरी गोष्ट परक्या मालाची. विदर्भाच्या कापसावर हात बसलेल्या माणसास एकदम कोकणातला भात दिला तर तो गोंधळेल. अमेरिकेच्या वा हॉलंडच्या पट्ट्यांवर शिकलेल्या यंत्राने तंबाखूने, सुपारीने आत कडक झालेला मराठवाड्यातला गाल क्वचितच पाहिलेला असणार. म्हणूनच टाटा स्मारकाने आय. आय. टी. मुंबई आणि दिल्ली-चंडीगडच्या संस्थांबरोबर प्रतिमांचा जो संग्रह आरंभिला आहे, त्याचे आम्हांस मोल वाटते. त्यात क्ष-किरण वगैरे चित्रांबरोबर काचपट्ट्यांची चित्रेही आहेत, आणि आरंभ डोके-मान व फुप्फुस ह्यांच्या कर्करोगांपासून केला आहे. डोके-मान म्हणजे त्यात आपला गाल आला.

तिसरी चूक यंत्राची नसून आपली आहे. मोंढ्यात इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा आम्ही पाहिले, की पहिले सहा महिने सर्वजण आकडा ताडून पाहत. पुढे पडद्यावर उमटेल ते प्रमाण मानू लागले. एकदा काटा पोत्यामागे चारशे ग्रॅम कमी दाखवीत होता, आणि हे प्रथम ओळखले ते उचलणाऱ्याच्या पाठीने. काट्याची दर वर्षी सरकारी तपासणी होऊन शिक्का बसावा म्हणून आम्ही ओट्यावर बसून धरणे धरले होते. ह्या यंत्रांचेही तसेच व्हायला हवे. रुग्णालयाने ते घेतल्यावर आपल्याच जुन्या, निकाल ठाऊक असलेल्या पट्ट्या त्यास मधूनमधून द्याव्यात आणि किती चुकते ते फळ्यावर लिहावे. आणि यंत्र आले म्हणून डॉक्टरांच्या पुढचा गठ्ठा शंभराचा दोनशे झाला, तर यंत्र येऊन काहीच झाले नाही. उलट तांबड्या रंगाबाहेर पाहण्यास कोणास सवड राहणार नाही. काटा आला तेव्हा मापाडी कमी केले. हमालांच्या पाठीवरचे वजन मात्र तेवढेच राहिले, हे आम्ही विसरलो नाही.

कधी कधी काचपट्टीच न पाहणे अधिक शहाणपणाचे असते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमच्या मराठवाड्यातच, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९ साली एक मोठी पाहणी सुरू झाली. टाटा स्मारक आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय तीत होते. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले. एका गटाच्या गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर पाहिल्या, दुसऱ्या गटाची रोगास कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी केली, तिसऱ्यास औषध लावून नुसत्या डोळ्यांनी पाहिले, चौथ्यास नेहमीप्रमाणेच ठेवले. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. विषाणू-तपासणीच्या गटात ह्या रोगाने ३४ मृत्यू झाले, नेहमीच्या गटात ६४. काचपट्टीच्या गटात एवढा स्पष्ट फरक पडला नाही. आमच्या बायाबापड्यांनी जगास हे शिकविले, आणि त्यांपैकी एका गटास काहीच तपासणी मिळाली नव्हती ह्यावरून पुढे वादही झाला. तो रास्त होता असे आमचे मत आहे. सांगायचे एवढेच, की ज्या ठिकाणी साध्या तपासणीने काम होते तेथे चाळीस लाखांचे यंत्र मागण्यात अर्थ नाही. गालाच्या चट्ट्यास मात्र काचपट्टीवाचून अजून गत्यंतर नाही.

मापाडी दीड वर्षाने गेले. त्यानंतर संघटनेच्या दर बैठकीत आम्ही एक गोष्ट सांगतो : तुकडा काढला तर त्याची बाटली कोणत्या पाण्याची आहे ते विचारा, अहवाल घेताना काचपट्टी आणि मेणाची वडीही मागा, आणि दुखणे चालूच राहिले तर तीच पट्टी दुसऱ्या डॉक्टरांपुढे ठेवा. पोरे हसतात, म्हणतात, काका आता मोंढ्यात दवाखाना काढणार. गेल्या वर्षी मात्र त्यांच्यापैकीच एकाने आईची वडी मागून आणली.

ती पहिली काचपट्टी मापाड्यांच्या मुलाने आमच्याकडे ठेवावयास दिली आहे. बिडीच्या पेटीएवढ्या डबीत, कापसात ती असते. उन्हात धरली की गुलाबी दिसते. तो कोपरा कोणता, हे आम्हांस मुंबईच्या डॉक्टरांनी शाईचा ठिपका करून दाखविले होते. शाई आता पुसट झाली आहे.